लग्न तीन रविवार वाचता, मग जमिनीचा व्यवहार का नाही?

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (मंडळी म्हणजे एकेका चर्चचे सभासद) कुणाचं लग्न ठरलं की ते चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचलं जातं. अमक्या मंडळीचा अमका, तमक्या मंडळीची तमकी, दोघांचा विवाह ठरलाय, कुणाची काही हरकत असेल तर कळवा. एकदा नाही, तीन रविवार वाचतात. पोरगा-पोरगी सज्ञान, दोन्ही घरं राजी, हॉल बुक झालेला, तरी वाचायचंच, कारण मंडळीच्या नकळत मंडळीतलं लग्न लागू नये. ही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेतून आलेली रीत आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण त्याच मंडळीच्या मिशन कंपाउंडमधली, म्हणजे जुन्या मिशनऱ्यांच्या आवारातली, जागा कुणाला तरी भाड्याने द्यायची ठरली, करार किती वर्षांचा, भाडं किती, पैसे कुठल्या खात्यात जमा होणार, यातलं काहीच एका रविवारी सुद्धा वाचलं जात नाही. सभासदाला कळतं ते पेपरातल्या वकिलाच्या जाहीर नोटिशीतून, नाहीतर थेट कंपाउंडच्या भिंतीपाशी जेसीबी येऊन उभा राहिला की.

माझं म्हणणं एवढंच आहे की डायोसिसने, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालच्या सगळ्या मंडळ्यांच्या संस्थेने, आपल्या सभासदांना नियमित, मराठीत आणि पूर्ण बातमी दिली पाहिजे, आणि हे काम उपासनेइतकंच मूळ काम आहे. वेळ मिळाला तर करू, कुणी टायपिंग करणारा मिळाला तर करू, असं ते नाही.

ज्यांना ही रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झालं. अँग्लिकन, म्हणजे अमेरिकेत ज्याला एपिस्कोपल म्हणतात तो प्रवाह, त्याच्यासोबत काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन मंडळ्यांचं आधीच झालेलं युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट, असे सगळे एकत्र आले. महाराष्ट्रात आज मुंबई, नाशिक, पुणे, कोल्हापूर, मराठवाडा, नागपूर असे डायोसिस आहेत. आमचं नगर (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर, आमच्या तोंडी अजून नगरच) नाशिक डायोसिसमध्ये येतं. आणि नगरची गंमत अशी की इथे अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल मंडळ्या पण होत्या आणि एसपीजी या इंग्लंडच्या मिशन संस्थेच्या अँग्लिकन मंडळ्या पण होत्या, युनियननंतर दोघी एका बिशपांच्या हाताखाली आल्या.

आता काँग्रिगेशनल परंपरा म्हणजे काय, तर मंडळीचे सभासद एकत्र बसून ठरवतात. पाळक (पास्टर) कोण असावा, शाळेचं काय करायचं, पैसा कशावर खर्च करायचा, सगळं सभासदांच्या सभेत. वरून कुणी हुकूम देत नाही. अँग्लिकन परंपरेत बिशपांचं स्थान मोठं. प्रेसबिटेरियन परंपरेत वडीलमंडळाचं, म्हणजे निवडलेल्या वडीलधाऱ्यांच्या समितीचं. १९७० ला एकत्र येताना या तिन्ही गोष्टी नव्या चर्चमध्ये राहतील असंच ठरलं होतं, सीएनआयची घटनाच त्या पायावर उभी आहे. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत बिशपांचं पद टिकलं, कमिट्या टिकल्या, पण सभासदांनी एकत्र बसून ठरवायचं हा जो तिसरा भाग होता तो हळूहळू झिजत गेला. कुणी दुष्टपणाने झिजवला असं मी म्हणत नाही, पण ज्या माणसाला माहितीच नाही तो सभेत बसून ठरवणार तरी काय? वार्षिक सभेत छापील अहवालाचा एक कागद हातात येतो, पाच मिनिटांत वाचून होतो, सर्वांनुमते मंजूर, मग चहा. हरकत घ्यायची तर आकडे आधी घरी नेऊन बघायला नकोत का?

आज डायोसिसची बातमी म्हणून आपल्यापर्यंत काय पोचतं ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर बिशपसाहेबांच्या दौऱ्याचे फोटो, हार-शाल, केक, दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतर स्वतः विश्वास कबूल करायच्या विधीचा) ग्रुप फोटो, नाताळच्या शुभेच्छांचं डिझाइन. मी याला नावं ठेवत नाही, लेकरांच्या दृढीकरणाचा फोटो सगळ्यांनी बघावा, आनंदच आहे. पण या फोटोंच्या पलीकडे एकदम कोर्टाची केसच कानावर येते. मधलं काहीच नाही. कुठल्या पाळकाची बदली झाली आणि का झाली, कुठल्या खेड्यातलं चर्च पावसाळ्यात गळतंय आणि त्याच्या पत्र्यासाठी मागितलेल्या मदतीचं काय झालं, मिशनच्या शाळेत आता किती पोरं आहेत, हॉस्टेल का बंद पडलं, डायोसिसन कौन्सिलमध्ये कशावर चर्चा झाली, कुणी विरोध केला आणि त्यांचं म्हणणं काय होतं. ज्याला खरं तर समाजाचं जगणं म्हणतात ते हेच आहे, आणि नेमकं हेच कुठे छापून येत नाही. मग ती जागा अफवा भरून काढते. अमक्याने इतके लाख खाल्ले, तमक्याने कंपाउंड विकलं. खरं किती, खोटं किती, कुणालाच कळत नाही, आणि यात प्रामाणिक ट्रेझररची पण नाहक बदनामी होते. मी असे सरळ ट्रेझरर बघितलेत की ज्यांनी पदरचे पैसे घालून चर्चचं लाइटबिल भरलं आणि तरी लोकांनी त्यांच्याकडे संशयाने बघितलं, कारण हिशेब कधी कुणाच्या डोळ्यासमोर आलाच नव्हता.

आणि वाईट याचं वाटतं की हे त्या समाजात होतंय ज्याने मराठीला ज्ञानोदय दिला. १८४२ ला अमेरिकन मराठी मिशनने आपल्या नगरमधून हे नियतकालिक सुरू केलं, मराठीतल्या सगळ्यात जुन्या नियतकालिकांपैकी एक. धर्माचा प्रचार हा त्याचा हेतू होताच, पण त्यात विज्ञान होतं, बातम्या होत्या, वाद होते. १८५५ च्या १५ फेब्रुवारीच्या आणि १ मार्चच्या अंकात त्यांनी मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापला. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी पोरगी, ती लिहिते की वेद आमचेच असं ब्राह्मण म्हणतात, तर मग देवा, आमचा धर्म कोणता ते तरी सांग. हे छापायला त्या काळी केवढं धाडस लागलं असेल! ती मुलगी ख्रिस्ती नव्हती, कुठल्या कमिटीची मेंबर नव्हती. पुढे याच ज्ञानोदयचा मराठी भाग रेव्हरंड ना. वा. टिळकांनी सांभाळला. एवढा वारसा असलेल्या समाजाच्या डायोसिसकडून त्याच समाजाच्या आजच्या मुलीला पीडीएफमध्ये वाढदिवसांची यादी मिळावी आणि आपल्या चर्चच्या जमिनीचं काय चाललंय हे मिळू नये, हे मला पटत नाही.

२०२२ चा सप्टेंबर आठवा. जबलपूरच्या बिशपांच्या घरावर मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे विभागाने छापा घातला, दीड कोटीच्या वर रोख रक्कम सापडल्याच्या बातम्या आल्या, आणि काही दिवसांत त्यांना अटक झाली ती नागपूर विमानतळावर. ते नुसते एका डायोसिसचे बिशप नव्हते, त्या वेळी अख्ख्या सीएनआयचे मॉडरेटर, म्हणजे सर्वोच्च प्रमुख, होते. आरोपांचं काय ते कोर्ट ठरवेल, त्यावर मी बोलत नाही. मी बोलतेय ते सभासदांना हे कसं कळलं त्याबद्दल. टीव्हीवरून. नोटा मोजायच्या मशीनच्या दृश्यावरून. पुढच्या रविवारी चर्चमध्ये गेलो तर सूचनांच्या वेळी महिला मंडळाची सभा आणि संडे स्कूलची सहल, बाकी एक अक्षर नाही. शेजारपाजारचे, ऑफिसातले विचारतात, काय हो तुमच्या चर्चमध्ये काय झालं, आणि आपल्याकडे सांगायला काही नाही. निदान त्या आठवड्यात डायोसिसने मराठीत एक पान काढून सांगायला हवं होतं की सिनड (सीएनआयची सर्वोच्च सभा) म्हणजे काय, आपल्या डायोसिसचे पैसे वेगळे आहेत का, तुमच्या दानाचं काय होतं. एवढं एक पान आलं असतं तरी लोकांना केवढा आधार वाटला असता.

जमिनीचा विषय तर आणखी खोल आहे. आपल्या राज्यात सार्वजनिक न्यास कायद्याखाली विश्वस्त बदलले किंवा मालमत्तेत बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो. ट्रस्टची जागा विकायची, किंवा शेतजमीन १० वर्षांहून जास्त आणि बिगरशेती जागा किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. म्हणजे सरकारला सांगायचंच आहे. सरकारी कार्यालयाच्या फायलीत जे कागद जाणारच आहेत ते आपल्याच मंडळीच्या नोटीस बोर्डावर का नकोत? धर्मादाय कार्यालयात अर्ज करून, नक्कल फी भरून, चार खेटे घालून सभासदाने ते मिळवायचे आणि मग तो भांडखोर ठरणार, पाळकांच्या विरोधातला ठरणार.

गुजरातच्या ब्रदरन मंडळ्यांचं प्रकरण तर प्रत्येक पास्टोरेट कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीने, वाचायला हवं. १९७० च्या युनियनमध्ये ते सामील झाले की नाही, त्यांच्या ट्रस्टची मालमत्ता सीएनआयकडे आली की नाही, यावर वर्षानुवर्षं केस चालली. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा प्रश्न न्यास कायद्याखालचा आहे, दिवाणी कोर्टाचा नाही. मग २०१३ मध्ये सांगितलं की नुसता ठराव करून एका ट्रस्टची मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही, कायद्याची रीतसर प्रक्रिया करावी लागते. म्हणजे १९७० ला ज्यांनी आनंदाने एकत्र यायचं ठरवलं त्यांची नातवंडं चाळीस वर्षांनी कोर्टात. आपल्याकडेही किती चर्चच्या जागा अजून जुन्या मिशनच्या नाहीतर जुन्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर आहेत हे सातबारा काढून बघितल्याशिवाय कळणार नाही. हे काम कंटाळवाणं आहे मान्य, पण हीच माहिती वर्षातून एकदा मराठीत यादी करून छापली, गाव, गट नंबर, क्षेत्र, कुणाच्या नावावर, सध्या वापर काय, तर अर्ध्या भानगडी तिथेच थांबतील कारण गावातल्या म्हाताऱ्यांना हद्द कुठपर्यंत होती ते माहीत असतं.

पैसा येतो कुठून ते पण बघू. हंगामाच्या सणाला कुठल्याही खेड्यातल्या मंडळीत जाऊन बसा. वेदीपुढे बाजरीची कणसं, उसाच्या मोळ्या, भोपळे, कांद्याच्या पिशव्या, पाय बांधलेली कोंबडी, डब्यात अंडी. उपासना झाली की लिलाव. एक भोपळा कुणीतरी दोनशेला घेतो आणि घरी न नेता परत देतो, देवाला, मग तोच भोपळा पुन्हा लिलावाला, पुन्हा कुणीतरी घेतं, पुन्हा परत. पोरं ओरडतात, लिलाव करणारा घसा बसेस्तोवर बोली लावतो. मागच्या रांगेतली आजी, जी रोजंदारीवर खुरपायला जाते, पदराची गाठ सोडून घामाने मऊ पडलेली नोट काढते आणि सहा अंडी घेते. त्या संध्याकाळी जमलेला आकडा तिथल्या तिथे जाहीर होतो, सगळे टाळ्या वाजवतात. आणि त्यानंतर? त्या रकमेतला डायोसिसचा वाटा किती, तो पोचला का, त्याचं पुढे काय झालं, हे त्या आजीला मरेपर्यंत कुणी सांगत नाही. परदेशी मदतीचे दिवस संपत आलेत, २०२४ ला सीएनआयच्या सिनडच्या समाजसेवा मंडळाचा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायचा, परवाना सुद्धा रद्द झाला, तेव्हा इथून पुढे चर्च चालणार ते या अंड्यांच्या पैशावर. ज्यांच्या पैशावर चालायचं त्यांना हिशेब द्यायचा, यात अवघड काय आहे?

याला उत्तर म्हणून जे नेहमी ऐकायला मिळतं ते म्हणजे, घरचं भांडण बाहेर नको, आपण अल्पसंख्याक, आधीच लोक धर्मांतराच्या नावाने संशय घेतात, त्यात आपणच आपले कागद बाहेर टाकले तर विरोधकांच्या हातात कोलीत. ही भीती खोटी नाही. मी स्वतः ती अनुभवते, गावात प्रार्थनेला जमलं तरी चार जण येऊन चौकशी करतात असे दिवस आहेत. पण ज्याला आपलं वाईट करायचंय त्याला कोर्टातून, धर्मादाय कार्यालयातून, पेपरातून सगळं मिळतंच, त्याला बातमीपत्राची गरज नाही. झाकून ठेवल्याने अंधारात राहतो तो फक्त आपला सभासद. उलट ज्या समाजावर संशय घेतला जातो त्याने तर हिशेब जास्तच उघडा ठेवावा, म्हणजे कुणी विचारलं तर कागद पुढे करता येतो.

दुसरं उत्तर जरा आध्यात्मिक असतं. देवाच्या सेवकावर विश्वास ठेवा, हिशेब देव घेईल. मला या वाक्याचा फार त्रास होतो कारण बायबलमध्ये नेमकं उलटं आहे. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी काय केलं? कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही. सगळ्या शिष्यांना बोलावलं, तुम्हीच सात माणसं निवडा म्हणाले. आणि पौल, त्याने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, आणि करिंथच्या मंडळीला स्पष्ट लिहिलं की या पैशावरून कुणी आम्हाला दोष लावू नये म्हणून ही काळजी घेतोय, प्रभूसमोर तर नीट वागायचंच पण माणसांसमोर सुद्धा. पौलाला जर हे करावंसं वाटलं तर आपल्या ट्रेझररला त्यात अपमान वाटायचं कारण नाही.

अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चचं उदाहरण मी मुद्दाम देते, कारण ते आपल्याच परंपरेतले. तिथे प्रत्येक मंडळीला दरवर्षी एक ठरलेला अहवाल भरावा लागतो, सभासद किती, रविवारी सरासरी किती लोक येतात, दान किती आलं. ते आकडे चर्च स्वतः सगळ्यांसाठी जाहीर करतं, आणि आकडे कमी होत चाललेत तरी जाहीर करतं. डायोसिसच्या वार्षिक अधिवेशनात बजेट समोर ठेवतात. बिशप निवडताना पाळक आणि सामान्य सभासदांचे प्रतिनिधी दोघंही मतदान करतात. म्हणून तिकडे भांडणं नाहीत असं अजिबात नाही, साउथ कॅरोलायनात २०१२ ला डायोसिस फुटला आणि चर्चच्या इमारती कुणाच्या यावर राज्याच्या सुप्रीम कोर्टात २०२२ पर्यंत निकाल येत राहिले. पण काय झालं, कोण काय म्हणतंय, हे तिथल्या सभासदाला शोधायला दारोदार फिरावं लागत नाही. पैसा त्यांच्याकडे जास्त आहे हे खरं, पण रविवारी बसलेली माणसं मोजायला आणि तो आकडा फळ्यावर लिहायला पैसा लागत नाही.

आणि बातमी म्हणजे फक्त पैसा आणि जमीन असंही मी समजत नाही. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतले आमचे बहुतेक सभासद महार आणि मांग समाजातून आलेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या बाहेर ठेवलं, पुढे १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध आत घेतले गेले, आम्ही बाहेरच. २०२२ ला केंद्र सरकारने यावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आमच्या दहावी-बारावीच्या लेकरांच्या फीशी, दाखल्याशी, हॉस्टेलशी थेट संबंध असलेला हा विषय आहे आणि किती मंडळ्यांमध्ये त्यावर साधी माहिती दिली गेली? कागदावर काय लिहायचं, दाखला काढताना काय विचारतात, कायदा आज काय म्हणतो, हे समजावून सांगणारं एक पान दर महिन्याला आलं तर लोक ते जपून ठेवतील. तसंच पुणे-मुंबईला, दुबईला गेलेली आमची पोरं, त्यांना गावच्या मंडळीची ओढ असते, पैसे पाठवायची तयारी असते, पण कुठल्या चर्चला कशाची गरज आहे हे त्यांना कुणी कळवतच नाही.

हे सगळं मराठीत पाहिजे हे वेगळं सांगायला नको खरं तर, पण सांगते. ऑडिट इंग्रजीत, ट्रस्ट डीड इंग्रजीत, सिनडचं पत्र इंग्रजीत, आणि गाणी तेवढी मराठीत, असं चालणार नाही. ताळेबंद सोप्या मराठीत मांडणारे अकाउंटंट आमच्याच मंडळ्यांमध्ये बसलेत, त्यांना विचारा तर खरं, आनंदाने करतील.

कुणी म्हणेल हे डायोसिसच्या पातळीवर होणं कठीण, वरची मंडळी ऐकणार नाहीत. मग खालून करू. आमच्या महिला मंडळात दर महिन्याला हिशेब वाचतात. बिस्किटांचे इतके, आजारी बहिणीच्या भेटीचे इतके, शिल्लक इतकी. शाळा अर्धवट सोडलेल्या बायका तो ऐकतात आणि चुकलं तर तिथेच बोट ठेवतात, मागच्या वेळी शिल्लक वेगळी होती ना गं, म्हणतात. यावरून कुणाची भांडणं झालेली मला आठवत नाहीत. तर येत्या वार्षिक सभेत प्रत्येक मंडळीत कुणीतरी एकाने उभं राहून साधा ठराव मांडावा: या मंडळीच्या जागेची विक्री, भाडेपट्टा किंवा विकसन करार करायचा असेल तर त्याचा पूर्ण तपशील सही होण्याआधी तीन रविवार उपासनेत वाचला जाईल, आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी नोटीस बोर्डावर मराठीत लागेल. सूचक म्हणून नाव घालायला कुणी तयार नसेल तर महिला मंडळाला विचारा, आणि ठराव मंजूर झाला की त्याची एक प्रत पोचपावती घेऊन डायोसिसच्या ऑफिसात द्या.